निफाडचा पारा आणि फियाटचा चोक

डिसेंबर उजाडला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट ठरलेली असते: निफाड, किमान तापमान. आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो आणि तो वाचून द्राक्ष बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर तिथला पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. खुद्द नाशिक शहरात ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंशाची नोंद आहे. अशा पहाटे बागांमधून शेकोट्या पेटतात, आणि शहरात एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये हौसेने जपलेली पद्मिनी सेल्फ मारला की नुसती कण्हते.

पद्मिनी म्हणा की फियाट म्हणा, गाडी एकच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० चं देशी रूप तयार होऊ लागलं आणि १९७० च्या दशकात त्याला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर एकुलता एक कार्बोरेटर, बहुतेक गाड्यांत सोलेक्स जातीचा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. मुंबईत जानेवारीतही पहाटेचा पारा १६-१७ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे तिथल्या गाडीला चोकची गरज कधीमधीच. मुंबईहून हौसेने आणलेल्या गाडीत चोकची तार नळीत गंजून बसली आहे, हे म्हणूनच मालकाला नाशिकच्या पहिल्या हिवाळ्यात कळतं.

अशा सकाळी बहुतेक मालक एकच गोष्ट करतात. बॉनेट उघडतात आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू पिळायला लागतात. हा उपाय नव्हे, नवा आजार आहे. काल दुपारी नीट चाललेल्या गाडीचं आयडलिंग रात्रीतून बिघडत नाही. थंडीत फक्त एवढंच होतं की गाडीत आधीपासून असलेला कमकुवतपणा लपून राहत नाही: अर्धी उतरलेली बॅटरी, झिजलेले पॉइंट, पूर्ण न ओढला जाणारा चोक. उन्हाळ्यात यांतलं प्रत्येक दुखणं एकेकटं खपून जातं. ८ अंशांना तीन दुखणी एकत्र येतात आणि गाडी बसते.

मुळात होतं काय? पेट्रोल पेटत नाही, पेट्रोलची वाफ पेटते. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनची मिसळ आहे, आणि मिसळ म्हणजे काय हे नाशिककराला समजावून सांगायला नको. त्यातले हलके घटक उणे ४० अंशांनाही पेटण्याइतकी वाफ देतात, जड घटकांना मात्र चांगली ऊब लागते. चालत्या गरम इंजिनात हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिच्या ओढीने जेटमधून पेट्रोल बाहेर येतं, त्याचा बारीक फवारा होतो आणि तापलेल्या मॅनिफोल्डमध्ये त्याची वाफ होते. सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम १०० ते १५० फेरे मारतं. हवेला वेग नाही, म्हणून ओढ नाही. जे थोडं पेट्रोल येतं त्याचे थेंबच राहतात, आणि ते थेंब थंड मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटून बसतात. सिलिंडरपर्यंत पोचते ती जवळपास कोरडी हवा.

एरवी वजनाने सुमारे १५ भाग हवेला एक भाग पेट्रोल पुरतं. थंड इंजिनाला तीन-चार भाग हवेला एक भाग द्यावं लागतं. त्यातलं बहुतेक पेट्रोल वायाच जायचं असतं. त्यातला जो हलका अंश वाफ होईल, तेवढ्याने पेटण्याजोगं मिश्रण जमावं एवढाच हेतू. पेट्रोलची ही जादा मात्रा देणं हे चोकचं काम. पण चोककडे जाण्याआधी सेल्फचा आवाज ऐकावा.

किल्ली फिरवल्यावर इंजिन नेहमीच्या लयीत फिरत असेल तर बॅटरीला दोष देऊ नये. लय रेंगाळत असेल तर हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारावा. दिवे पार मंदावले तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर तिच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा क्षार धरला आहे. लेड-ॲसिड बॅटरीची ताकद थंडीत घटते, आणि त्याच वेळी इंजिनातलं घट्ट झालेलं ऑइल सेल्फकडून जास्त जोर मागतं. क्लच दाबून सेल्फ मारला की गिअरबॉक्समधल्या ऑइलचा अडथळा तरी वाचतो. जुने ड्रायव्हर हे न सांगता करायचे. कमी लक्षात येणारं ठिकाण म्हणजे इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी. ती सैल किंवा गंजलेली असेल तर सेल्फचा प्रचंड करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट बऱ्याचदा चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेची असते. सेल्फ मारताना चोकचं बटण गरम लागलं तर कार्बोरेटरकडे ढुंकूनही पाहू नका, आधी ती पट्टी घासून घट्ट करा.

आणखी एक खूण फार बोलकी आहे. सेल्फ चालू असेतो इंजिन अजिबात दाद देत नाही, पण किल्ली सोडण्याच्या नेमक्या क्षणी एक ठिणगी लागते आणि गाडी खोकून गप्प होते. याचा अर्थ पेट्रोल आहे, मिश्रणही बरं आहे. सेल्फ फिरताना बॅटरीचे १२ व्होल्ट नऊ-साडेनऊवर घसरतात, त्यामुळे कॉइलमधून निघणारी ठिणगी दुबळी पडते. किल्ली सोडताच व्होल्टेज सावरतं आणि तेव्हा कुठे ठिणगीला जोर येतो. इथे पॉइंट साफ करून त्यांचा गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान, गाडीच्या पुस्तकात दिला असेल तेवढा लावावा, आणि ज्याला आपले मेस्त्री डेल्को म्हणतात त्या डिस्ट्रीब्युटरचं झाकण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावं. गोदाकाठच्या धुक्याच्या पहाटे त्या झाकणात दव धरतं, आणि झाकणाला केसाएवढी चीर असली तरी ठिणगी प्लगपर्यंत न जाता त्या ओलीवरून पळते.

आता चोक. बाजारातल्या सल्ल्यांचा घोटाळा इथेच होतो, कारण चोक हे एकच नाव तीन वेगळ्या यंत्रणांना दिलेलं आहे आणि एकीचा मंत्र दुसरीला लागू पडत नाही.

मारुती ८०० सारख्या गाडीत चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप. बटण ओढलं की झडप मिटते, हवेची वाट अडते आणि इंजिनाची सगळी ओढ जेटवर येते. सोबत ॲक्सिलरेटर पंप असतो, म्हणून अशा गाडीत सेल्फआधी पाय एकदा पूर्ण दाबून सोडायचा. पंपाची एक पिचकारी आत जाते. मॉरिस मायनरच्या एस.यू. कार्बोरेटरमध्ये मिटणारी झडपच नाही. तिथे चोक ओढला की जेट खाली सरकतो, त्यात बसलेली निमुळती सुई सापेक्ष वर राहते आणि पेट्रोलची वाट रुंदावते. त्याच्या वरच्या डबीत थोडं पातळ ऑइल असावं लागतं. ते संपलं तर गाडी सुरू होते, पण थंडीत पाय दिला की गुदमरते.

फियाटच्या सोलेक्सची गोष्ट तिसरीच. त्यात मुख्य कार्बोरेटरच्या कुशीला एक छोटा स्वतंत्र कार्बोरेटर बसवलेला आहे, असं समजायला हरकत नाही. पुस्तकी नाव बाय-स्टार्टर. त्याचा जेट वेगळा, हवेची वाट वेगळी. बाजूचं छोटं झाकण काढलं की एक सपाट पितळी चकती दिसते, तिला लहानमोठी भोकं. डॅशबोर्डखालचं बटण पूर्ण ओढलं की मोठं भोक वाटेसमोर येतं आणि घट्ट मिश्रण जातं. अर्धं आत ढकललं की लहान भोक येतं आणि मात्रा कमी होते. पूर्ण आत गेलं की वाट बंद. या वाटेने जाणारं मिश्रण थ्रॉटलच्या पलीकडे, थेट इंजिनाच्या बाजूला सुटतं. थ्रॉटल मिटलेला असेल तेव्हाच तिथे जोरदार ओढ असते. सेल्फ मारता मारता ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडतो, ओढ विरते आणि बाय-स्टार्टर निकामी होतो. म्हणून फियाटचा नियम मारुतीच्या नेमका उलटा: चोक पूर्ण ओढा आणि इंजिन पेट घेईपर्यंत ॲक्सिलरेटरपासून पाय लांब ठेवा. आयुष्यभर मारुती चालवलेला माणूस पद्मिनी घेतो आणि सवयीने पाय मारत बसतो. गाडी सुरू होत नाही, आणि सगळे म्हणतात कार्बोरेटर गेला.

बाय-स्टार्टर धड आहे का, हे थंडीची वाट न पाहता दुपारीही तपासता येतं. गाडी गरम करून आयडलिंगवर ठेवावी आणि चोक हळूहळू पूर्ण ओढावा. इंजिन लडखडलं, मागून काळा धूर आला, तर वाट मोकळी आहे. काहीच फरक पडला नाही, तर एक तर तार स्क्रूमधून निसटते आहे किंवा स्टार्टर जेट वाळलेल्या पेट्रोलच्या राळेने बुजला आहे. आधी तार पाहावी. बटण डॅशबोर्डपासून हातभर बाहेर येतं, पण कार्बोरेटरवरची दांडी अर्ध्यातच थांबते, असं सर्रास दिसतं. दोघांनी मिळून दोन मिनिटांत होणारी तपासणी आहे: एकाने बटण ओढायचं, दुसऱ्याने दांडी पाहायची. उलटं दुखणंही असतं. चकतीवर चरे पडले किंवा दांडी पूर्ण मागे आली नाही, तर चोक आत असूनही मिश्रण झिरपत राहतं, दिवसभर गाडी जादा पेट्रोल पिते, प्लगवर काजळी चढते, आणि दुसऱ्या दिवशी त्या काजळलेल्या प्लगमुळे ती सुरू होत नाही. तक्रार थंडीची असते, कारण कालच्या दुपारचं.

प्लग म्हणूनच काढून पाहायचा. पाच-सहा वेळा सेल्फ मारून झाल्यावर प्लगचं टोक कोरडं खडखडीत असेल, तर पेट्रोल पोचलेलंच नाही. चोक, पंप, टाकी याच वाटेने शोध घ्यावा. टोक पेट्रोलने ओलं चिंब असेल, तर मेस्त्रींच्या भाषेत गाडी ओव्हर झाली आहे. अशा वेळी चोक आत ढकलायचा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारायचा, म्हणजे भरपूर हवा जाऊन सिलिंडर सुकतात. इथे पाय पंपासारखा वरखाली हलवायचा नाही. मखमली काळी काजळी म्हणजे मिश्रण कायम घट्ट, आणि काळं पण तेलकट टोक म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजलेले. हे शेवटचं असेल तर बाकी सगळ्या युक्त्या तात्पुरत्या. कॉम्प्रेशनच नसलेल्या इंजिनाला थंडीत कुठलाही चोक वाचवत नाही.

जाता जाता सांगण्यासारखं. नाशिकच्या मायको सर्कलला ज्या कंपनीचं नाव आहे ती मोटर इंडस्ट्रीज कंपनी, २००८ पासून बॉश. तिचे स्पार्क प्लग देशभर चालले, पण सातपूरचा कारखाना डिझेल इंजिनाच्या नोझलचा: इंधन दाबाने फवारण्याचं तंत्र. त्याच तंत्राच्या पेट्रोलमधल्या भावंडाने २००० च्या सुमारास मारुती ८०० वरचा कार्बोरेटर हटवला. इंजेक्शनच्या गाडीत तापमान मोजणारा सेन्सर आणि संगणक मिळून पेट्रोलची मात्रा ठरवतात, म्हणून आजच्या तरुण ड्रायव्हरला चोक ही वस्तू दाखवावी लागते.

जुन्या गाड्यांच्या मालकांना न पटणारी एक गोष्ट म्हणजे त्यांची गाडी थंडीमुळे कमी आणि उभी राहून राहून जास्त अडते. पूर्वी फियाट रोज चालायची. आता ती रविवारी निघते, तीही जमलं तर. तीन आठवड्यांत कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल हवेत उडून जातं. मग पहिली दहा-पंधरा सेकंदं सेल्फ इंजिन सुरू करत नसतो, इंजिनावरच्या पंपाकरवी फक्त चेंबर भरत असतो, आणि तोवर बॅटरी दमते. या पंपाला खालच्या बाजूला हाताने चालवायची छोटी दांडी असते. किल्ली लावण्याआधी ती दांडी दहा-वीस वेळा हलवून चेंबर भरून घ्यावा. दांडीला जोर लागेनासा झाला की भरला. दांडी हलतच नसेल तर इंजिन थोडं फिरवून पुन्हा पाहावं, कारण पंपाचा कॅम वर आलेला असला की ती निकामी असते. टाकीतलं पेट्रोल सहा महिन्यांचं असेल तर त्यातले हलके घटक आधीच उडालेले असतात, आणि पहाटे पेट घ्यायला नेमके तेच लागतात. ताजं पाच-सात लिटर पेट्रोल टाकणं हा इथला दुरुस्तीचा सर्वांत स्वस्त प्रकार.

ताजं पेट्रोल म्हणजे आता इथेनॉल मिसळलेलं. हा प्रयोग भारतात २००१ मध्ये ज्या तीन ठिकाणी सुरू झाला, त्यांतली दोन महाराष्ट्रातली: मिरज आणि नाशिक जिल्ह्यातलं मनमाड. (तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीजवळ.) मनमाडजवळच्या पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तेव्हाचा ५ टक्क्यांचा प्रयोग २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर आला. गंमत अशी की फियाट बनवणारी कंपनी काढणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९३३ मध्ये मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना उभारला होता, आणि आज साखरधंद्यातून निघणारं इथेनॉल त्यांच्याच गाडीच्या टाकीत येऊन पडतं.

थंडीच्या दृष्टीने त्याचा हिशेब असा. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून जुन्याच जेटमधून तेवढंच इंधन गेलं तर मिश्रण सुमारे ७ टक्के पातळ पडतं. त्याची वाफ व्हायला वजनागणिक पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. शुद्ध इथेनॉल साधारण १३ अंशांखाली ठिणगीने पेटण्याइतकी वाफच देत नाही. ब्राझीलमध्ये १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ आली, तेव्हापासून तिथल्या अशा गाड्यांत पहाटे सुरू करण्यापुरती पेट्रोलची वेगळी छोटी टाकी ठेवण्याची रीत पडली. आपल्या २० टक्क्यांत पेट्रोल भरपूर उरतं, म्हणून एवढी वेळ येत नाही. पण काठावर चालणारी गाडी त्याने काठाच्या पलीकडे जाते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचा डायफ्रॅम त्याला टिकत नाहीत. त्या बदलून इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्यात. जेट एक नंबर मोठा घालण्याचा सल्ला सरसकट कोणी दिला तर घाई करू नये. गरम गाडी चढाला नीट ओढत असेल आणि प्लगचा रंग विटकरी-तपकिरी असेल, तर मोठ्या जेटची गरज नाही.

एवढं सगळं पाहून झाल्यावरच कार्बोरेटर उघडावा. आणि तेव्हाही आधी त्याच्या बुडाशी असलेलं पॅकिंग. नट आवळून आवळून कार्बोरेटरची फ्लँज धनुष्यासारखी वाकलेली असते, तिथून इंजिन चोरून हवा खेचतं आणि चोकने घट्ट केलेलं मिश्रण पुन्हा पातळ होतं. फ्लँज सपाट काचेवर ठेवून डुगडुगते का ते पाहावं. जेट साफ करताना तार घालू नये. त्यावरचा नंबर भोकाचं माप सांगतो, आणि तारेने ओरखडलेल्या पितळेचं माप नंबराशी जुळत नाही. हवेचा झोत पुरतो. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची गॅरेजमधली युक्ती मात्र पाहूनही करू नका. टायमिंग थोडं जरी पुढे-मागे असलं तर ज्वाळा उलटी तोंडातून येते, आणि हातात पेट्रोलची उघडी बाटली असते.

गाडी सुरू झाली की चोक लगेच अर्धा आत घ्यावा आणि दोन मिनिटांत हळू निघावं. जागेवर उभं राहून अर्धा तास गरम करणं ही जुनी समजूत इंजिनाच्या मुळावर येते. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. बंद गॅरेजमध्ये तर हे करूच नये. चोकवर चालणारं इंजिन कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतं, आणि त्याला वास नसतो. त्र्यंबक रोडने निघालात तर शहर सुटायच्या आत चोक पूर्ण आत गेलेला असावा. झिजलेल्या तारेचं बटण कधी आपोआप आत सरकतं आणि गाडी बंद पडते. काही मालक त्याला कपड्यांचा चिमटा लावून ठेवतात. तो काढायचं विसरलात, तर काळ्या धुरासाठी मागचा दुचाकीस्वार हॉर्न वाजवून आठवण करून देतोच.